लाईट गेली आणि डेटाबेस उठेना

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी देवगड तालुक्यातली. दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, आता घरूनच वेबसाइटची कामं घेते. सध्या दोन कामं हातात आहेत. आमच्या वाडीतल्या एका काकांच्या बागेतला हापूस पेटीवारी विकायची साइट, आणि तारकर्लीच्या एका होमस्टेचं बुकिंग. दोन्ही पीएचपी या भाषेत, डेटा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. लॅपटॉपवर झॅम्प आहे, म्हणजे हे सगळं घरच्या यंत्रावर चालवायचा संच. फाइल बदलली की एफटीपीने (फाइली पाठवायच्या साधनाने) सर्व्हरवर चढवते, घाई असली तर थेट सर्व्हरवरच बदलते. परवा गडगडाट सुरू झाला, लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलीय, त्यामुळे तो तिथल्या तिथे बंद पडला. तेव्हापासून झॅम्पमधलं मायएसक्यूएल चालूच होत नाही, ‘शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली’ येतं. काकांनी फोनवर घेतलेल्या ऑर्डरी मी लॅपटॉपवरच टाकत होते, त्या अजून सर्व्हरवर गेलेल्या नाहीत. एका व्हिडिओत आयबीडेटा१ नावाची फाइल उडवायला सांगितलीय. उडवू का? शिवाय काकांच्या जुन्या गिऱ्हाइकांची नावं साइटवर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, दिवाळीत होमस्टेची एकच खोली दोघांना गेली, आणि ऑर्डरींचं पान उघडायला अर्धा मिनिट लागतं. मित्र म्हणतो, मायएसक्यूएल सोड, डॉकर शीक, नवा लॅपटॉप घे. आधी काय करू? काकांना अजून काही सांगितलेलं नाही.
— देवगडची एक वाचक

उत्तर:

अगं, ती फाइल उडवू नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, आधी एवढं कर. झॅम्पच्या फोल्डरात मायएसक्यूएल, त्यात ‘डेटा’ नावाचं फोल्डर आहे. ते अख्खं उचलून पेन ड्राइव्हवर कॉपी कर आणि ड्राइव्ह काढून ठेव. यापुढे जे काही करशील ते लॅपटॉपवरच्या प्रतीवर. पेन ड्राइव्हवरच्या प्रतीला हात लावायचा नाही.

आयबीडेटा१ ही कचऱ्याची फाइल नाही. झॅम्पमध्ये नावाला मायएसक्यूएल लिहिलेलं असलं तरी आत मारियाडीबी हे त्याचंच भावंड असतं, आणि तुझ्या टेबलांची नोंदवही त्या फाइलीत असते. ती उडवलीस तर सर्व्हर चालू होतो, फोल्डरात टेबलांच्या फाइली दिसतात, पण उघडायला गेलीस की असं टेबल इंजिनात (डेटा प्रत्यक्ष लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागात) नाही म्हणून सांगतो. व्हिडिओवाल्याचं मायएसक्यूएल चालू झालं एवढंच त्याने दाखवलं असणार. आतला डेटा वाचला का, ते दाखवलं नसणार.

आता त्याच फोल्डरातली एरर लॉगची, म्हणजे चुकांच्या नोंदींची, फाइल उघड आणि शेवटच्या वीस-पंचवीस ओळी नीट वाच. ३३०६ हे पोर्ट दुसऱ्या कुणी धरलंय असं लिहिलेलं असेल, तर काहीच बिघडलेलं नाही. लॅपटॉपवर दुसरं मायएसक्यूएल चालू आहे, ते बंद कर. ‘आरिया’ या मारियाडीबीच्या एका इंजिनाची तक्रार असेल तर उपाय त्याच ओळीत लिहिलेला असतो: आरियाची टेबलं तपासून दुरुस्त करा आणि आरियाच्या लॉग फाइली काढा. त्या फाइली उडवण्याऐवजी दुसऱ्या फोल्डरात सरकव. आणि तक्रार ‘इनोडीबी’ची, म्हणजे तुझी टेबलं सांभाळणाऱ्या इंजिनाची, असेल तर ‘डेटा’ फोल्डरचं नाव बदलून ‘जुना डेटा’ कर. झॅम्पच्या मायएसक्यूएल फोल्डरात ‘बॅकअप’ नावाचं कोरं फोल्डर असतं, त्याची प्रत काढून तिला ‘डेटा’ हे नाव दे. मग जुन्या फोल्डरातून फक्त तुझ्या डेटाबेसांची फोल्डरं आणि ती आयबीडेटा१ फाइल या नव्या ‘डेटा’त आण. बहुतेक वेळा एवढ्यावर सर्व्हर उठतो. नाहीच उठला तर सेटिंगच्या फाइलीत इनोडीबी फोर्स रिकव्हरी (जबरदस्तीने उठवायची सेटिंग) १ ठेवून बघ, मग २, मग ३. चार आणि त्यापुढचे आकडे डेटाच्या फाइली कायमच्या बिघडवू शकतात, तेव्हा तिथवर जायचं नाही.

उठला की आनंदाने लगेच कामाला लागू नकोस. त्याच मिनिटाला सगळ्या डेटाबेसांचा डंप, म्हणजे सगळा डेटा एका फाइलीत उतरवलेली प्रत, काढ. मग झॅम्प पूर्ण काढून नव्याने घाल आणि त्यात तो डंप भर. एकदा असं उठवलेलं इंजिन रोजच्या कामाला वापरायचं नाही.

खरं तर वीज जाण्याला डेटाबेस एवढा घाबरत नाही. इनोडीबीचं काम आपल्याकडच्या जुन्या दुकानदारासारखं चालतं. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, मग सवडीने खतावणी. मध्येच दिवा गेला आणि खतावणी अर्धी राहिली तरी कीर्द वाचून ती पुरी करता येते. मायएसक्यूएलमध्ये २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून हेच इंजिन आपोआप मिळतं. त्याआधीच्या मायआयसॅम या इंजिनात अशी कीर्द नव्हती. तुझी एखादी जुनी टेबलं अजून मायआयसॅममध्ये असतील तर ती बदलून घे.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मला वीज ही तुझी अडचण वाटत नाही. तुझी प्रत्येक गोष्ट एकाच जागी आहे. फोनवरच्या ऑर्डरी फक्त लॅपटॉपवर. साइटवर घाईत केलेले बदल फक्त सर्व्हरवर. टेबलांची रचना कशी कशी बदलत गेली ते फक्त तुझ्या डोक्यात. उद्या लॅपटॉप किंवा सर्व्हर यातलं एक गेलं तर तुला सगळं पुन्हा उभं करता येईल का, एवढाच प्रश्न मी प्रत्येक कामाला लावते. तू आत्ता तोच लाव.

मी दापोलीत राहते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. माझ्याकडे बॅकअप होते, सगळे घरातल्या एका हार्ड डिस्कवर, आणि ती ज्या कपाटात होती त्याच्यावरची कौलं उडाली होती. डिस्क वाचली. पण ती हातात घेऊन उभी असताना मला कळलं की लॅपटॉप आणि त्याचा बॅकअप मी एकाच छपराखाली ठेवला होता. पुढच्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती दुकानांतले संगणक पाण्याखाली गेले, ते तूही पाहिलं-ऐकलं असशील. म्हणून एक प्रत सर्व्हरवर, एक तुझ्याकडे, एक तिसऱ्याच गावी. तिसरं गाव म्हणजे क्लाउडवरची जागाही चालेल.

बॅकअप काढायचा कसा, तर मायएसक्यूएलडंप या साधनाने, सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावून. त्यामुळे डंप चालू असताना कुणी ऑर्डर टाकली तरी टेबलं अडून राहत नाहीत आणि डंपमध्ये एकाच क्षणाचं चित्र येतं. स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) वापरत असशील तर रूटीन्सचा पर्यायही लाव, नाहीतर त्या डंपमध्ये येत नाहीत. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) असतो, तिथे हे रोज पहाटे लावून दे. पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या पानावरून हाताने एक्स्पोर्ट करण्यावर विसंबू नकोस. ऐन हंगामात तू ते विसरणार, आणि फाइल मोठी झाली की तिथून परत भरताना अपलोडची मर्यादा आडवी येते.

आणि मग तो डंप परत भरून बघ. हे मी कळकळीने सांगते, कारण बॅकअप काढणारे पुष्कळ भेटतात, भरून बघणारे फार थोडे. मे महिन्यात आपण घर शाकारतो, तेव्हा कौल बसवलं की वरून तांब्याभर पाणी ओतून बघतो ना? मृगाचा पहिला पाऊस येईपर्यंत थांबत नाही. तसंच महिन्यातून एकदा कोऱ्या डेटाबेसमध्ये डंप भर, ऑर्डरींची संख्या मोज, शेवटची ऑर्डर कोणत्या तारखेची ते बघ. कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीला हे ३१ जानेवारी २०१७ ला भोगावं लागलं. रात्री थकलेल्या अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरचंच डेटाबेसचं फोल्डर उडवलं. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप कित्येक दिवस निघतच नव्हता. डंप काढणाऱ्या साधनाची आवृत्ती जुनी आणि पोस्टग्रेस या त्यांच्या डेटाबेसची नवी होती, आणि अपयशाच्या सूचनेचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या एका स्नॅपशॉटवर (त्या क्षणीच्या डेटाच्या प्रतीवर) शेवटी निभावलं, तरी मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. हे सगळं त्यांनी स्वतःच उघडपणे लिहिलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

आता कोड. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, वापरायला लाग, आजच. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, कमिट, म्हणजे बदलाची नोंद, लॅपटॉपवरच होतं. रेंज आली की पुश, म्हणजे ती नोंद नेटवरच्या प्रतीकडे पाठवायची. सर्व्हरवर थेट फाइल बदलायची सवय सोड. ते अवघड जाणार हे मला माहीत आहे, कारण काकांचा फोन येतो, ‘भाव बदललाय, आत्ता लाव’. पण भाव हा कोडमध्ये असायचाच नाही, तो डेटाबेसमध्ये, आणि तो बदलायचं पान काकांच्या हातात. डेटाबेसचा पासवर्ड वेगळ्या एन्व्ह फाइलीत ठेव आणि ती फाइल गिटमध्ये जाऊ देऊ नकोस. चुकून गेलीच तर फाइल पुसून उपयोग नाही, ती इतिहासात राहते. पासवर्डच बदलायचा.

टेबलांच्या रचनेतला प्रत्येक बदलही गिटमध्ये हवा. एक फोल्डर कर, त्यात क्रमांक घातलेल्या एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञांच्या, फाइली: पहिलीत गिऱ्हाइकांचं टेबल, दुसरीत ऑर्डरी, तिसरीत ‘पत्त्याला पिनकोड जोडला’. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये टिचकी मारून रकाना वाढवायचा नाही. या फाइली ओळीने चालवल्या की कोऱ्या यंत्रावर तुझा डेटाबेस उभा राहिला पाहिजे.

घरी चालतं आणि सर्व्हरवर पडतं, असं तू पत्रात लिहिलं नाहीस, पण होत असणारच. घरी विंडोजवर मारियाडीबी, तिकडे लिनक्सवर बहुधा मायएसक्यूएल ८. विंडोजला फाइलीच्या नावातलं रोमन अक्षर मोठं की लहान याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. टेबलांच्या नावांचंही तेच. आणि मायएसक्यूएल ८ चा डंप घरी भरायला गेलीस की पुष्कळदा ‘अननोन कोलेशन’ म्हणून अडतो, कारण तिकडचं नेहमीचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम) मारियाडीबीच्या जुन्या आवृत्त्यांना ठाऊकच नाही. म्हणून घरी तोच डेटाबेस आणि तीच आवृत्ती ठेव जी सर्व्हरवर आहे. नावं सगळी लहान अक्षरांत.

मित्र डॉकर सांगतोय ते याच कारणासाठी, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही. एका छोट्या कंपोज फाइलीत ‘पीएचपी अमुक, मायएसक्यूएल तमुक’ असं लिहिलं की कुठल्याही यंत्रावर तोच संसार मांडता येतो. पण तुझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम असेल तर विंडोजवर डॉकर घुसमटेल. ८ असेल तर कर. इमेज (डॉकरची तयार सॉफ्टवेअरची गाठोडी) काही शे एमबींच्या असतात, त्या तालुक्याला चांगल्या नेटवर एकदाच उतरवून आण. फक्त एक लक्षात ठेव: ‘कंपोज डाऊन’ला पुढे व्ही जोडलास की व्हॉल्यूमही जातो, म्हणजे डेटाबेस जातो. रॅम कमी असेल तर डॉकर राहू दे, नुसतं योग्य आवृत्तीचं मायएसक्यूएल घाल. नवा लॅपटॉप नको, नवी बॅटरी घे. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तोही घे. सर्व्हरवर लांबलचक काम चालवायचं असेल तर टीमक्समध्ये चालव, म्हणजे मध्येच रेंज गेली तरी काम तिकडे चालू राहतं आणि परत येऊन तिथूनच धरता येतं. देवडॉक्स (प्रोग्रॅमिंगची माहितीपुस्तकं एकत्र देणारी साइट) ऑफलाइन भरून ठेव. एनपीएमला (जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणाऱ्या साधनाला) ‘प्रिफर-ऑफलाइन’ सांगितलं की आधी उतरवलेली पॅकेजं तो पुन्हा मागत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात या बारीकसारीक गोष्टींनी माझे कित्येक दिवस वाचलेत.

होमस्टेच्या दुहेरी बुकिंगकडे येते, कारण पाहुण्याला रात्री नऊ वाजता सामानासकट दारात उभं करणं ही मला तुझ्या पत्रातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटली. तू बहुधा असं केलं असणार: आधी खोली रिकामी आहे का विचारायचं, आहे म्हटलं तर बुकिंग टाकायचं. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांनाही ‘रिकामी आहे’ हेच उत्तर मिळतं, आणि दोघंही टाकतात. कोडमध्ये कितीही जपून लिहिलंस तरी ही फट बुजत नाही. नियम डेटाबेसलाच सांगायला हवा.

बुकिंगच्या टेबलाशेजारी ‘खोली-रात्र’ असं एक टेबल कर. त्यात खोलीचा क्रमांक, रात्रीची तारीख आणि बुकिंगचा क्रमांक. खोली आणि तारीख या दोन रकान्यांवर मिळून युनिक की घाल, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा टाकता येणार नाही. १२ तारखेला येऊन १५ ला जाणाऱ्या पाहुण्याच्या तीन ओळी: १२, १३ आणि १४. पंधराची ओळ नाही, त्या रात्री खोली मोकळी आहे. ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही असा गठ्ठा, सुरू करायचं, बुकिंग टाकायचं, तीन ओळी टाकायच्या, मग कमिट, म्हणजे गठ्ठा कायम करायचा. यातली एखादी रात्र आधीच कुणाची असेल तर मायएसक्यूएल १०६२ क्रमांकाची ‘डुप्लिकेट एंट्री’ची चूक देतं. ती पकडून रोलबॅक कर, म्हणजे सगळा गठ्ठा मागे घे, आणि पाहुण्याला सांग की ही खोली एवढ्यातच भरली, दुसरी बघा. रात्रींच्या ओळी नेहमी तारखेच्या क्रमाने टाक, म्हणजे दोन बुकिंगं एकमेकांत अडकून डेडलॉक व्हायची शक्यता कमी होते. तरी १२१३ ही डेडलॉकची चूक आलीच तर सगळं ट्रान्झॅक्शन पुन्हा एकदा चालवायचं. बुकिंग रद्द झालं की खोली-रात्रच्या ओळी काढायच्या आणि मूळ बुकिंग ‘रद्द’ असा शिक्का मारून ठेवायचं. मालकाला पुढे हिशेबाला ते लागतं. मालक फोनवर खोली देत असतील तर तीही याच टेबलातून गेली पाहिजे, नाहीतर वहीत एक आणि साइटवर एक असं पुन्हा होणार. हे आधी त्यांच्याशी बसून बोल. गणपतीला चाकरमानी यायच्या आत.

प्रश्नचिन्हांचं. जुन्याच गिऱ्हाइकांची नावं बिघडलीत आणि नवी नीट आहेत, यावरून मला एक्सेलचा संशय येतो. काकांची यादी तू एक्सेलमधून साध्या ‘सीएसव्ही’त काढली असशील. तसं केलं की विंडोजच्या जुन्या अक्षरसंचात न बसणारं प्रत्येक चिन्ह प्रश्नचिन्ह होतं. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय तिथेच असतो. पण संशयावर राहू नकोस, त्या रकान्यावर साठवलेले बाइट सांकेतिक आकड्यांत दाखवणारं हेक्स हे फंक्शन चालवून बघ. ‘सावंत’ या नावाला पाच प्रश्नचिन्हं दिसतात: स, काना, व, अनुस्वार, त. हेक्समध्ये ३एफ (प्रश्नचिन्हाचा आकडा) पाच वेळा दिसलं तर मूळ अक्षरं गेली, कुठल्याही युक्तीने ती परत येणार नाहीत. काकांची वही किंवा मूळ एक्सेल काढून पुन्हा भर. ई०ए४ने सुरू होणाऱ्या तीन-तीन बाइटच्या जोड्या दिसल्या तर डेटा उत्तम आहे, जोडणी चुकीची आहे: पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या साधनाच्या) जोडणीत कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ लिही. आणि सी३ए०सी२ए४ असं दिसलं तर मराठी दोनदा गुंडाळली गेलीय. पडद्यावर ती डोक्यावर रेघा असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. ती परत मिळवता येते, घाबरून पुसू नकोस.

सगळी टेबलं यूटीएफ८एमबी४ कर. मायएसक्यूएलमध्ये नुसतं ‘यूटीएफ८’ लिहिलेलं टेबल अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरी तीन बाइटांत मावते, म्हणून वर्षभर काही कळत नाही. मग एखादं गिऱ्हाईक पत्त्याखाली आंब्याचं इमोजी टाकतं, त्याला चार लागतात, आणि ऑर्डर अडते. अजून एक, मराठीत काम करणाऱ्यांनी जपायचं: ‘क्ष्मी’ हे आपल्याला एक अक्षर, डेटाबेसला सहा. पीएचपीचं स्ट्रलेन तर १८ सांगेल, कारण ते बाइट मोजतं. नावं कापायची, मोजायची असतील तिथे एमबी_ ने सुरू होणारी फंक्शनं वापर, आणि नावाचा रकाना ऐसपैस ठेव.

अर्धा मिनिट लागणाऱ्या पानात बहुतेक दोन गोष्टी सापडतील. तू आधी सगळ्या ऑर्डरी आणतेस आणि मग लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरीचं गिऱ्हाईक वेगळं विचारतेस. चारशे ऑर्डरींना चारशे एक फेऱ्या. एका जॉइनमध्ये, म्हणजे दोन टेबलं जोडून एकाच प्रश्नात, आण. दुसरं, क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) आधी एक्सप्लेन लिहून चालव. टाइपच्या रकान्यात ‘ऑल’ आणि कीच्या रकान्यात ‘नल’ दिसलं तर ते टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतंय. तारखेवर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, घाल. इंडेक्स असूनही ‘तारखेचा महिना एप्रिल आणि वर्ष २०२५’ असं फंक्शन लावून विचारलंस तर तो वापरला जात नाही. ‘१ एप्रिलपासून १ मेच्या आधीपर्यंत’ असं विचार.

पेटीचा भाव डेसिमलमध्ये ठेव, फ्लोट आकडा अंदाजे साठवतं, त्यात पैसे ठेवायचे नाहीत. फोन नंबर आणि पिनकोड हे मजकूर आहेत, आकडे नव्हेत. सर्व्हरची घड्याळं बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, म्हणून रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळातली ऑर्डर आदल्या तारखेला पडते. वेळ यूटीसीत साठव आणि दाखवताना साडेपाच तास जोड. मुक्कामाची तारीख मात्र नुसती तारीख म्हणून साठव, तिला वेळ चिकटवू नकोस. आणि प्रत्येक क्वेरी प्रिपेअर्ड स्टेटमेंटने (आज्ञा वेगळी आणि भरलेली माहिती वेगळी पाठवायच्या पद्धतीने), यात सूट नाही.

एक माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका काजू व्यापाऱ्याच्या साइटवर मला एका मालाचा भाव वाढवायचा होता. लाइव्ह सर्व्हरवर अपडेट लिहिलं, व्हेअर, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या ती अट, लिहायच्या आधी एंटर दाबलं गेलं. सगळ्या मालाचा एकच भाव झाला. त्याहून वाईट म्हणजे मी ऑर्डरीत भाव साठवतच नव्हते, मालाच्या टेबलातून दर वेळी वाचत होते. त्यामुळे मागच्या दोन वर्षांची सगळी बिलंही बदलली. तो दिवस मी विसरलेले नाही. तेव्हापासून आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट (नुसतं वाचणारी आज्ञा) चालवते, किती ओळी येतात ते मोजते, मग ट्रान्झॅक्शन उघडून अपडेट, ओळींचा आकडा जुळला तरच कमिट. मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये सेफ-अपडेट्स हा पर्याय आहे, तो चालू ठेवला तर इंडेक्सवरची अट किंवा ओळींची मर्यादा न दिलेलं अपडेट तो नाकारतो. टेबलाची रचना बदलणाऱ्या ऑल्टर टेबलला मात्र हे संरक्षण नाही. मायएसक्यूएलमध्ये तो लगेच कमिट होतो, रोलबॅक होत नाही, त्याच्याआधी डंपच हवा. आणि हापूसचा भाव तर मार्च ते मे या काळात आठवड्याला बदलतो. काकांच्या ऑर्डरीच्या ओळीत त्या दिवशीचा भाव साठवतेस ना? नसशील तर हे दुहेरी बुकिंगच्या खालोखाल आधी कर.

साइटसाठी डेटाबेसचा वेगळा यूजर बनव, त्याला टेबल उडवायचा अधिकार देऊ नकोस. सर्व्हरवरचा डेटा घरी चाचणीला आणलास तर गिऱ्हाइकांचे फोन आणि पत्ते बदलून आण. लोकांनी ते काकांवर विश्वास ठेवून दिलेत.

मायएसक्यूएल सोडायचं का? नाही. पोस्टग्रेस मला स्वतःला जास्त आवडतं. तिथे रचनेतले बदलही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, आणि ‘या खोलीच्या तारखा एकमेकींवर चढू नयेत’ असा नियम थेट लिहिता येतो. पुढचं नवं काम त्यात कर, जरूर कर. पण चालत्या दोन साइटी ऐन हंगामात उचलून दुसरीकडे नेऊ नकोस. तुझ्या चारही तक्रारींपैकी एकही मायएसक्यूएलमुळे झालेली नाही.

राहिले काका. डेटा फोल्डरची प्रत काढून झाली की त्यांच्याकडे जा, फोनवर नको. फोनवरच्या ऑर्डरी अडकल्यात, त्या काढायचा प्रयत्न चालू आहे, मिळतील असं वाटतं पण खात्री नाही, असं सरळ सांग. त्यांच्या फोनमधली कॉल यादी आणि व्हॉट्सअ‍ॅप दोघं मिळून बघा. कुणाला किती पेट्या सांगितल्या ते त्यांना निम्म्याहून जास्त तोंडपाठ असेल. ते कागदावर उतरव, आणि या वेळी लॅपटॉपवर न टाकता थेट साइटवर टाक. एरर लॉगच्या शेवटच्या ओळी मला पाठवून दे, पासवर्ड आणि नावं काढून. मी बघते.